दिवसा राम, रात्री कृष्ण

काल पहाटे सव्वाचारला तुझा फोन आला तेव्हा मी जागीच होते. नऊ वर्षं रात्रपाळी केलेल्या बाईची झोप पुन्हा कधी जागेवर येत नाही गो. दुकान टाकून इतकी वर्षं झाली, तरी पहाटे तीनला डोळे टक्क उघडतात आणि बोटं आपसूक पत्ते वाटल्यासारखी हलतात.

तू रडत असतीस तर मी घाबरले नसते. तू हसत होतीस. "ताई, तो म्हणाला, तुझ्यासारखी मुलगी इथे काय करतेय? तू इथली वाटतच नाहीस!"

अगं, हे वाक्य मला निदान सहा जणांनी ऐकवलंय. त्यातल्या दोघांनी तर एकाच आठवड्यात.

फोनवर मी गप्प राहिले, कारण फोनवर तू "हो ताई, हो ताई" म्हणत निसटतेस. म्हणून लिहितेय. सावकाश वाच. शिफ्टला निघताना नको, फीडर बोटीत तर अजिबात नको. झोप झाल्यावर, चहा घेऊन वाच.

आधी एक सांगून टाकते: मी तुला ओरडणार नाही. ते काम मावशी करतेच आहे. "पोरगी जुगाराच्या बोटीर काय करता?" असं गावात कुणी विचारलं की ती मान खाली घालते, आणि मग रात्री मला फोन करून तोच प्रश्न मला विचारते. मी तिला सांगितलंय, पोरगी पत्ते वाटते, पगार घेते, भाडं स्वतः भरते. पण तुला जे हवं होतं ते पगाराच्या कागदावर नव्हतंच, हे मला ठाऊक आहे. आधी कोल्हापूरला एअर होस्टेसचा क्लास, मग पुण्यात फोटोंचा अल्बम काढून घेतलास, मग मुंबईत दोन महिने, मग पणजी, आणि आता मकाव म्हणतेस. दर वेळी बॅग तीच, फक्त गाडी वेगळी. तुझी आई याला चंचलपणा म्हणते. मला ती भूक वाटते. कुणीतरी आपल्याकडे टक लावून बघावं, आपण खोलीत शिरलो की बोलणं थांबावं, ही भूक. ती मलाही होती. बाविसाव्या वर्षी सावंतवाडीच्या एसटीतून पणजीला उतरले त्या संध्याकाळी मांडवीच्या पाण्यात त्या बोटींचे निळे-जांभळे दिवे मोडून पडले होते, आणि मला वाटलं, हे सगळं माझ्यासाठीच लावलंय. हौस वाईट असते असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

पण त्या बोटीबद्दल एक गोष्ट कधी तुझ्या लक्षात आली का? ती बोट आहे, पण ती कुठेच जात नाही. गोव्याचा जुगाराचा कायदा १९७६ चा. त्यात १९९२ ला दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत मशिनांना परवानगी दिली, आणि १९९६ ला पत्त्यांची टेबलं चालतील अशी सोय केली, पण पाण्यावरच्या जहाजात. म्हणून जहाज लागतं. प्रवासासाठी नव्हे, परवान्यासाठी. नांगर टाकून उभं, समोर पणजीचा रस्ता, मागे बेतीचा किनारा. तू रोज संध्याकाळी नटून जिच्यावर चढतेस ती बोट तुला पहाटे जिथून उचललं तिथेच परत सोडते.

आणि तुझा तो बंगळुरूचा. त्याच्याबद्दल बोलायचं तर त्याच कायद्याचं पुढचं पान उघडावं लागतं. २०२० च्या फेब्रुवारीपासून गोव्याच्या माणसाला या बोटींवर खेळायला बंदी आहे. स्वतःच्या लेकरांना जे वाढायचं नाही ते पाहुण्यांच्या ताटात वाढायचं, असा सरकारचा हा न्याय. पण तो वाद आत्ता राहू दे. तू फक्त यातून काय निघतं ते बघ. तुझ्या टेबलावर बसणारा एकही पुरुष इथला नसणार. प्रत्येकाच्या खिशात परतीचं तिकीट. म्हणजे तू माणूस शोधायला अशी जागा निवडलीस जिथे रविवारी संध्याकाळी विमानाने निघून जाणाऱ्यांनाच आत सोडतात. यात त्याची चूक नाही, तुझीही नाही. पण रविवारच्या त्या विमानाला तू विरह म्हणतेस, तिथे मला हसू येतं.

आपल्या वाडीच्या राजवाड्यात तुला लहानपणी नेलं होतं, आठवतं? गंजिफा रंगवणारे लोक खाली मान घालून बसले होते आणि तू विचारलंस, पत्ते गोल का? दशावतारी गंजिफाची एकशेवीस पानं असतात: दहा अवतारांची दहा घराणी, एकेकात बारा पानं, राजा, प्रधान आणि मग एक ते दहा. तो खेळ मला नीट येत नाही, पण त्यातला एक नियम माझ्या मनात घर करून बसलाय. डाव दिवसा मांडला तर ज्याच्या हाती रामाचा राजा, त्याने पहिलं पान टाकायचं. दिवेलागणीनंतर मांडला तर कृष्णाच्या राजाने. म्हणजे पान टाकण्याआधी बाहेर बघायचं, ऊन आहे की अंधार. खेळाला वेळ माहीत असावी लागते.

आणि तुझ्या फ्लोअरवर? खिडकी नाही, भिंतीवर घड्याळ नाही. रात्री अकराला जो उजेड तोच पहाटे पाचला. बिर्याणी मध्यरात्रीही गरम. तिथे नेहमी कृष्णाचंच राज्य. मी त्या उजेडात प्रेमात पडले होते, म्हणून सांगते, त्या उजेडात कुणाच्याही तोंडावर सुरकुती दिसत नाही. त्याच्याही नाही, तुझ्याही नाही.

माझी गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. उरलेली आज सांगते.

तो सुरतेकडचा होता, कापडाचा व्यापारी, गोड बोलणारा. जिंकला की टेबलावरच्या सगळ्यांना पाजायचा, माझ्या टिपेच्या पेटीत चिप टाकताना "बहनजी" न म्हणता नाव घ्यायचा. तेवढ्या नावावर मी दीड वर्ष काढलं. गेस्टला बाहेर भेटायचं नाही अशा कागदावर मी सही केली होती, तुझीही आहेच. तरी भेटले. मिरामारला, दोना पावलाला, नेहमी काळोख पडल्यावर. एका रात्री तो माझ्याच टेबलावर हरत गेला. मला आठवतंय, त्याचा आवाज चढला नाही. उलट तो हळू झाला. सहाव्या की सातव्या डावाला त्याने माझ्याकडे न बघता पिट बॉसला म्हटलं, "डीलर बदलो. इसका हाथ खराब है." मी नियमाप्रमाणे दोन्ही हात टेबलावर आणले, तळवे उलटेसुलटे करून वरच्या कॅमेऱ्याला दाखवले, रिकामे आहेत म्हणून, आणि टेबल सोडलं. रोज डझनभर वेळा करायचो आपण ते. त्या रात्री मात्र तळवे दाखवताना मला वाटलं, मी त्यालाच दाखवतेय.

यावरही मी थांबले नाही, हे लाजिरवाणं आहे पण खरं आहे. दोन महिन्यांनी त्याने "थोडे दिवसांसाठी" मागितल्या म्हणून आजीच्या पाटल्या मी त्याला दिल्या. त्या थोड्या दिवसांतले बरेच दिवस अजून चालू आहेत.

द्यूत म्हटलं की सगळ्यांना द्रौपदीचं वस्त्र आठवतं. मला तिचा प्रश्न आठवतो. तिने निरोप घेऊन आलेल्याला परत पाठवलं आणि विचारायला सांगितलं, राजा आधी स्वतःला हरला की आधी मला? भर सभेत भीष्मांनाही उत्तर देता आलं नाही. मला वाटतं, कुठल्याही पुरुषाबद्दल हा एवढाच प्रश्न विचारण्यासारखा आहे. जो आधी स्वतःला हरून बसलाय, त्याला तुला पणाला लावायला किती वेळ लागणार?

म्हणून तू मला त्याच्याबद्दल जे सांगतेस ते माझ्या उपयोगाचं नाही. त्याचं घड्याळ कुठलं, तो सिंगल माल्ट पितो, त्याने तुला पाचशेच्या किती चिप्स दिल्या. तो जिंकताना कसा दिसतो हे मला माहीत आहे. जिंकताना सगळेच राजबिंडे दिसतात. हरताना तो काय करतो ते सांग. एक म्हातारे गृहस्थ यायचे माझ्या टेबलावर, वर्षातून दोनदा, ठरलेले पैसे घेऊन. संपले की खुर्ची आत सरकवायचे. बघ हं, खुर्ची आत सरकवायचे. "बेटा, बस आज के लिए" म्हणायचे आणि जेवायला जायचे. त्यांची बायको कशी असेल याचा मी रात्र रात्र विचार केलाय. सुखी असणार बिचारी.

तू म्हणालीस, "ताई, चार वेळा वाईटच झालं ना, आता पाचव्यांदा तरी चांगलं व्हायलाच हवं." हे वाक्य तुझ्या तोंडी ऐकून मी हबकलेच, कारण तू डीलर आहेस. पंटर हे म्हणतो तेव्हा तू मनात हसतेस. १९१३ च्या ऑगस्टमध्ये मोंटे कार्लोला रुलेटवर काळा रंग लागोपाठ सव्वीस वेळा आला. लोक लाल रंगावर वाढवत वाढवत पैसे लावत गेले, आता तरी लाल यायलाच हवा म्हणून, आणि धुपले. चेंडूला काय आठवतं? त्याला मागचा डावही आठवत नाही. आठवण फक्त लावणाऱ्याकडे असते. आधीच्या चौघांनी तुला छळलं म्हणून पाचवा तुझं देणं फेडायला आलेला नाही. त्याला त्या चौघांबद्दल काही ठाऊकसुद्धा नाही.

आणि त्या चाकातला हिरवा शून्य तू रोज बघतेस. एका शून्याच्या चाकात सदतीस खाचा, पण आकडा लागला तर पस्तीसपट. शून्य नसता तर छत्तीस खाचांना पस्तीसपट, म्हणजे खेळ बरोबरीचा. त्या एका खाचेमुळे शंभर रुपयांमागे सरासरी दोन रुपये सत्तर पैसे घराकडे, म्हणजे कॅसिनोकडे, जातात. बस्स, एवढेच. ती अख्खी बोट, तिच्यावरचा ऑर्केस्ट्रा, ती बिर्याणी, आणि तुझा-माझा पगारसुद्धा त्या हिरव्या खाचेवर तरंगतो. मला हे हिशेबातून कळायला दोन वर्षं लागली आणि आयुष्यात कळायला सात. घराला तुला हरवायची घाई नसते. घराला तू खुर्चीवर बसून राहायला हवी असतेस. बसलीस की बाकीचं काम ते दोन रुपये सत्तर पैसे करतात.

तो तुला म्हणतो, कोर्टात केस चालू आहे, निकाल लागला की लग्न. आधी दिवाळी म्हणाला होता. मग मार्च. आता म्हणतो पाऊस संपल्यावर. अगं, या मांडवीतल्या बोटी इथून हलवणार हे मी पणजीत आल्यापासून ऐकतेय. सरकारं बदलली, मुख्यमंत्री बदलले, पर्यायी जागांच्या चर्चा झाल्या, आणि मुदत संपत आली की वर्तमानपत्रात एकच शब्द: मुदतवाढ. बोटी तिथल्या तिथे. हा शब्द बघितला की मला माझा सुरतवाला आठवतो. तोही कधी नाही म्हणाला नाही. नाही म्हणाला असता तर मी त्याच रात्री उठले असते. ज्याला तुला उठू द्यायचं नसतं तो नाही म्हणतच नाही, तो पुढची तारीख देतो. आणि तारीख त्याने दिली तरी मुदतवाढीवर सही तुझी असते. ती पुढच्या वेळी करू नकोस, एवढंच माझं मागणं. त्याला भांडून सोड असं मी म्हणत नाही.

बरं, आता तुझ्या झगमगाटाबद्दल. तो तुझ्याकडून कुणी काढून घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. पण मी त्याची उलटी बाजू शिवते. माझ्या दुकानात होस्टेस मुलींचे गाऊन येतात, भाड्याचे, तिघींच्या मापातून फिरलेले. बाहेरून टिकल्यांचा पूर. आतून अस्तर घामाने पिवळं, काखेत ठिगळ, कमरेला चार सेफ्टी पिना. मी ते बघून नाक मुरडत नाही. उलट मला त्या कपड्यांबद्दल माया वाटते. आपल्याकडे दशावतारात बघ, जो रात्रभर राणी म्हणून मिरवतो, ज्याच्या एका मुरक्यावर बाया पदर तोंडाला लावतात, तो पहाटे पेटाऱ्यावर बसून तोंडाचा रंग तेलाने पुसतो आणि बिडी ओढत पुढच्या गावची वाट विचारतो. रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा, म्हणतात ना. पण त्या नटाला कधी वाटत नाही की आपल्याला कुणी फसवलं. कारण तो रंग त्याने स्वतः लावलेला असतो आणि पुसायचा केव्हा हे त्याला माहीत असतं. तूही लाव. लाल गाऊन घाल, चांगलं अत्तर घे, सुट्टीच्या दिवशी फोन्तेन्यासच्या पिवळ्या भिंतींपुढे उभी राहून शंभर फोटो काढ. तुझ्या पैशाने.

पैशावरून आठवलं. हे जरा रुक्ष आहे, पण ऐक. २०२० च्या मार्चमध्ये बोटी बंद झाल्या त्या एकदम नोव्हेंबरला उघडल्या. पुढच्या वर्षी पुन्हा बंद, ते सप्टेंबरपर्यंत. आमच्या खोलीवरच्या मणिपूरच्या आणि नेपाळच्या मुली आधी गॅस विकून, मग मोबाइल विकून राहिल्या. मी शिवणयंत्र तेव्हा काढलं, ते काही स्वप्न म्हणून नव्हे, भाड्यासाठी. तेव्हा सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत तुझ्या बंगळुरूवाल्याला एक रुपया उसना द्यायचा नाही, आणि पडल्यावर तर मुळीच नाही. सोन्याला हात लावायचा नाही. तुझं शिफ्टचं वेळापत्रक त्याच्याकडे कशाला हवंय, तेही जरा विचार.

मकावचं म्हणशील, तर तिथे डीलरचं काम फक्त स्थानिक रहिवाशांनाच मिळतं. तुला तिथे डीलर म्हणून लावतो असं सांगणारा एजंट एकतर अडाणी आहे किंवा चोर. क्रूझवर जायचं असेल तर जा, मी बॅग भरून देईन. पण एजंटाचं आरपीएसएल लायसन्स, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना, आधी माग आणि तो नंबर डीजी शिपिंगच्या यादीत ताडून बघ. जहाजावर लावण्यासाठी खलाशाकडून फी घेता येत नाही. त्याने पैसे मागितले की तिथूनच उठ, खुर्ची आत सरकवून. ती बोट निदान कुठेतरी जाते. म्हणून मला क्रूझचं तुझं वेड बंगळुरूपेक्षा बरं वाटतं, हे मावशीला सांगू नकोस.

आता तू म्हणशील, ताई, मग प्रेम करूच नको का? अगं कर की. पण त्याला एकदा दिवसा बघ. तीन महिन्यांत तू त्याला एकदाही उन्हात बघितलेलं नाहीस, हे काल बोलता बोलता तूच सांगितलंस आणि तुझ्याच ध्यानात आलं नाही. डोळ्यांवर ऊन आलं की तो कसा दिसतो? रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून कसा बोलतो? रांगेत उभं राहावं लागलं तर? तुझा मेकअप नसताना तुला ओळखतो ना?

शुक्रवारी तुझी सुट्टी आहे. म्हापशाचा बाजार असतो. त्याला म्हण, ताईला भेटायचंय, सकाळी दहाला ये. जहाज नको, हॉटेल नको, म्हापसा. मी काही चौकशी करणार नाही, शपथ. आपण चवरिस घेऊ, ऊन लागलं की सोडा पिऊ, मी कोपऱ्यात मिरच्यांचे भाव करत बसेन. तो आला तर तू त्याच्याकडे बघत राहा, माझ्याकडे नको. आणि म्हणाला की या शुक्रवारी जमत नाही, पुढच्या नक्की, तर तो शब्द तुला आता पाठ आहे.

कसंही असो, तू ये. तुझा निळा ड्रेस शिवून तयार आहे, कमरेला अर्धा इंच सोडलाय. येताना हिल्स घालू नकोस, साध्या चपला घाल. मासळीच्या बाजूला खाली सगळं ओलं असतं.